खान्देशात विमान प्रवाशांची, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी ग्राहक संस्था कशी उभारावी

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, दर महिन्याला देशांतर्गत विमान वाहतुकीचा अहवाल काढतं. दहा हजार प्रवाशांमागे तक्रारी किती, विमानं रद्द किती, वेळेवर किती, असे आकडे कंपनीनिहाय त्यात सापडतात. पण वेळ पाळण्याचा तक्ता मोजला जातो तो दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद अशा महानगरांच्या विमानतळांवर. जळगावचं विमान महिनाभर रोज दोन तास उशिरा सुटलं, तरी त्या तक्त्यात त्याची रेघ उमटणार नाही. खान्देशात अशी संस्था काढायची ती याच कारणासाठी. आपल्या विमानतळाची नोंदवही आपणच ठेवायची आणि ती ठेवणाऱ्यांचा खर्च प्रवाशांनीच उचलायचा.

जळगावला विमान नवं नाही, टिकणारं विमान नवं आहे. लहान शहरं विमानानं जोडण्याच्या केंद्राच्या 'उडान' योजनेतलं पहिलं विमान इथून २०१७च्या डिसेंबरात मुंबईला गेलं. मग सेवा थांबली, २०१९मध्ये परत सुरू झाली, पुन्हा थांबली आणि २०२४मध्ये पुन्हा विमानं उतरू लागली. योजनेत कंपनीला मिळणारं तूट-अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं, हे लक्षात घेतलं की या येण्याजाण्याचा अर्थ लागतो. म्हणून संस्थेची घडण एखाद्या कंपनीवरच्या रागातून करू नका. कंपन्या बदलत राहतील, वही चालू राहिली पाहिजे.

सभासद कोण, आणि कोण नको

पहिली यादी फक्त विमानतळाबाहेर उभं राहून होत नाही. जळगावचे दालमिलवाले, चटई कारखानदार, सराफ, हैदराबाद-पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील, ज्येष्ठ नागरिक संघ, हे नेहमी उडणारे लोक. धुळ्याचा प्रवासी मात्र बहुधा नाशिकच्या ओझरहून, इंदूरहून किंवा थेट मुंबईहून उडतो आणि नंदुरबार-शहाद्याचा माणूस सुरत गाठतो. त्यांना 'जळगाव विमानतळ' हा विषय परका वाटेल. त्यामुळे संस्थेचं कार्यक्षेत्र विमानतळावर नव्हे, प्रवाशाच्या पत्त्यावर ठरवा: जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत राहणारा प्रवासी, मग तो कुठूनही उडो.

वर्गणी वर्षाला ५०० रुपये ठीक. १०० ठेवली तर लोक देतात आणि विसरतात, २,००० ठेवली तर फक्त व्यापारी उरतात. २०० सभासद झाले की १ लाख रुपये होतात. त्याची वाटणी साधारण अशी धरा: हिशेब व लेखापरीक्षण १५ हजार, छपाई-झेरॉक्स-स्पीड पोस्ट १२ हजार, फोन व ऑनलाइन साठवण ८ हजार, ग्राहक आयोगातल्या तारखांचा प्रवास २० हजार, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण १५ हजार. उरलेले ३० हजार राखीव, आणि त्याला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. पहिल्या वर्षी कार्यालय भाड्यानं घेऊ नका. एखाद्या सभासदाच्या दुकानामागची खोली आणि त्याचं ना-हरकत पत्र एवढ्यावर भागतं.

पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत, हे घटनेतच लिहा. विमान कंपनी, विमानतळावरचा ठेकेदार, राजकीय पक्ष यांच्याकडून एक पैसाही नाही, 'कार्यक्रमाला पाणी-चहा आमच्याकडून' हेही नाही. खरा पेच ट्रॅव्हल एजंटचा आहे. आपल्याकडे तिकिटातलं सगळ्यात जास्त त्यालाच कळतं आणि तोच उत्साहानं पुढे येतो. पण परतावा अडकतो तेव्हा निम्म्या वेळा तो त्याच्याच खात्यात अडकलेला असतो. त्याला सहयोगी सभासद करा, सल्ला घ्या, पण मताधिकार आणि पद देऊ नका. वाईट वाटलं तर आता वाटू द्या. पहिली तक्रार त्याच्याच गिऱ्हाइकाची आल्यावर वाटण्यापेक्षा बरं.

परदेशातल्या मुलामुलींच्या वर्गणीचंही आधीच ठरवा. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी माणूस आपल्या बचतीतून वर्गणी देऊ शकतो. ज्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, त्याचा पैसा परकीय योगदान कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो. ५०० रुपयांसाठी ती जोखीम घेऊ नये.

नोंदणी

सोपा मार्ग म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम १८६०. किमान सात जण लागतात. घटना व नियमावली, विधानपत्र, सातही जणांचे ओळख व पत्त्याचे पुरावे, संमतिपत्रं, प्रतिज्ञापत्र आणि जागेचं ना-हरकत पत्र घेऊन जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात जायचं. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. तो अर्ज तीन महिन्यांच्या आत करा. लोक पहिलं प्रमाणपत्र हातात आलं की पेढे वाटतात आणि दुसरं राहून जातं. मग बँक खातं अडतं, नाहीतर आयोगात समोरचा वकील बोट ठेवतो.

उद्दिष्टांच्या कलमात तीन गोष्टी शब्दशः हव्यात: ग्राहक हितसंरक्षण, हवाई प्रवासी, आणि 'ग्राहकांच्या वतीनं आयोग, प्राधिकरण व न्यायालयात तक्रार दाखल करणे'. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९चं कलम ३५ मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला तक्रारीचा अधिकार देतं, आणि मान्यताप्राप्त म्हणजे कोणत्याही कायद्याखाली नोंदलेली स्वयंसेवी ग्राहक संघटना. ज्याच्यासाठी तक्रार करायची तो तुमचा सभासद असलाच पाहिजे असंही नाही. मात्र घटनेत 'सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक कार्य' एवढंच मोघम लिहिलं असेल, तर ही ग्राहक संघटना कशी, हा पहिला आक्षेप येतो. झेरॉक्सवाल्याकडची तयार घटना वापरली की हमखास हेच होतं. तिच्यात रक्तदान शिबिर असतं, ग्राहक नसतो.

नाव साधं ठेवा. सरकारी वाटणारे 'राष्ट्रीय', 'प्राधिकरण', 'आयोग' असले शब्द घातले की नोंदणीतच खोडा बसतो.

नोंदणीनंतर पॅन, मग बँक खातं, तिघांपैकी दोघांच्या सहीचं. पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची धर्मादाय कार्यालयाला लेखी खबर. वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण. ग्राहक संस्था बंद पडतात त्या कंपन्यांच्या दबावानं कमी आणि न भरलेल्या चेंज रिपोर्टांनी जास्त. तीन वर्षांनी जुने-नवे पदाधिकारी भांडतात आणि कागदावर कोणाचंच नाव धड नसतं.

वही

आता मूळ काम. रोज ठरलेल्या प्रत्येक विमानाची एक ओळ लिहायची: तारीख, विमान क्रमांक, वेळापत्रकातली सुटण्याची वेळ, प्रत्यक्ष सुटण्याची वेळ, रद्द असेल तर प्रवाशांना संदेश किती वाजता आला, काउंटरवर सांगितलेलं कारण जसंच्या तसं, चहा-नाश्ता दिला का, आणि नोंद करणाऱ्याचं नाव. जळगावसारख्या ठिकाणी दिवसाला मोजकीच विमानं असतात, त्यामुळे आठवडा वाटून घेतलेले सहा-सात जण पुरतात. विमान-मागोवा ॲपवरून वेळ घेता येते, पण तिच्या जोडीला त्या विमानातल्या एका तरी प्रवाशाचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण लहान विमानतळांवर ॲपवरचा माग अधूनमधून तुटतो.

'सुटण्याची वेळ' म्हणजे कोणती, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दार बंद झालं ती, विमान जागेवरून हललं ती, की चाकं उचलली ती? जागेवरून हललं ती वेळ धरावी. तिघांनी तीन वेळा लिहिल्या तर वही बाद.

वेळेवर सुटलेलं विमानही लिहायचंच. फक्त उशीर लिहिणारी वही ही तक्रारवही होते आणि तिच्यातून टक्केवारी निघत नाही. नव्वद दिवसांची सलग नोंद हातात आली की पत्रव्यवहाराला सुरुवात करा, त्याआधी नको.

वहीची पडताळणी माहितीच्या अधिकारातून होते. खासगी विमान कंपनीला तो लागू नाही, पण भारतीय विमानतळ प्राधिकरणाला आहे, आणि जळगावचं विमानतळ त्यांच्याकडेच आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न असा विचारा: 'अमुक ते अमुक कालावधीत विमानतळावरून नियोजित उड्डाणं, प्रत्यक्ष झालेली उड्डाणं, रद्द झालेली उड्डाणं आणि नोंदवलेलं कारण यांची महिनानिहाय माहिती द्यावी.' 'विमानं सारखी रद्द का होतात?' असं विचारलं तर उत्तर येत नाही. कायदा उपलब्ध नोंद देतो, खुलासा देत नाही.

तक्रार आली की आधी काय पाहायचं

डीजीसीएचे नियम सीएआर नावाच्या पत्रकांत आहेत. प्रवेश नाकारणं, रद्द होणं आणि उशीर हे सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ मध्ये, तर परतावा पार्ट २ मध्ये. ही पत्रकं बदलत असतात. छापील प्रत ठेवाल तर तिच्या माथ्यावर सुधारणेची तारीख लिहा आणि दर तिमाहीला डीजीसीएच्या संकेतस्थळावर ताडून पाहा.

रद्द झालेल्या विमानाच्या भरपाईवरून सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ५,०००, ७,५०० आणि १०,००० हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. एका तासापर्यंतचं उड्डाण, एक ते दोन तास, दोन तासांवर, अशी ती विभागणी. पण नियम म्हणतो की ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. सव्वा तासाचं उड्डाण आणि मूळ भाडं व इंधन मिळून २,१०० रुपये असतील, तर भरपाई ७,५०० नव्हे, २,१००. तिकिटाचा परतावा वेगळा. उडानच्या स्वस्त जागांवर हा फरक मोठा पडतो, आणि ७,५०० मागणारी नोटीस पाठवली की कंपनीचा माणूस पहिल्याच ओळीत तुम्हाला अडाणी ठरवतो.

दुसरं, पर्यायी विमान स्वीकारलं की ही भरपाई बहुधा संपते. नियमाचा आशय 'पर्यायी विमान, किंवा पूर्ण परतावा अधिक भरपाई' असा आहे. संदेशातल्या दुव्यावर घाईनं 'स्वीकार' दाबणाऱ्या सभासदाला हे आधीच सांगितलेलं असावं.

तिसरं, कळवण्याची वेळ. सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवून पर्यायी विमान किंवा परतावा देऊ केला असेल, तर भरपाईचा हक्क बसत नाही. आणि आपल्याकडचा खास घोटाळा इथंच आहे: तिकीट काढताना एजंट स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकतो. संदेश जातो एजंटला, तो दुपारी झोपलेला, प्रवासी अमळनेरहून टॅक्सी करून विमानतळावर. प्रवाशानं संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई देणं लागत नाही, असं नियमातच आहे. सभासदत्वाच्या पावतीमागे ठळक छापा: तिकिटावर क्रमांक स्वतःचाच.

चौथं, कारण. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, संप, सुरक्षा, सरकारी आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींत भरपाई नाही. 'ऑपरेशनल रीझन' हे शब्द त्या यादीत नाहीत. म्हणून काउंटरवरचं कारण जसंच्या तसं टिपायचं, आणि शक्य तर लेखी मागायचं. काउंटरवर 'ऑपरेशनल' आणि दोन महिन्यांनी उत्तरात 'हवामान' असं झालं, तर तो टिपलेला एक शब्द प्रकरण फिरवतो.

उशिराचं थोडक्यात: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतली निवड प्रवाशाची. २४ तासांहून जास्त, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यानच्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर असेल, तर हॉटेल. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई या नियमात नाही. पक्कं तिकीट असूनही चढू दिलं नाही आणि तासाभरात दुसरं विमानही दिलं नाही, तर रक्कम मोठी: २४ तासांत दुसरं विमान दिल्यास मूळ भाडं व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्याहून उशिरा दिल्यास चौपट, कमाल २०,०००.

सामानाच्या बाबतीत विमानतळ सोडण्याआधी पीआयआर, म्हणजे सामान-गडबडीचा अहवाल, काउंटरवर भरून घ्यायचा. बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली असेल तर २१ दिवसांत. घरी येऊन लग्न उरकून दहाव्या दिवशी फुटलेल्या बॅगेचे फोटो पाठवणाऱ्याला संस्था वाचवू शकत नाही.

आणि जे कंपनीच्या माथी मारता येत नाही ते तोंडावर सांगा. भुसावळहून येणारी गाडी उशिरा धावली आणि मुंबईचं विमान चुकलं, तर कंपनी काही देणं लागत नाही. दोन वेगवेगळ्या पीएनआरची विमानं जोडून प्रवास केला आणि पहिल्याच्या उशिरानं दुसरं गेलं, तरी तेच.

पायऱ्या

कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल, मग तिच्या नोडल अधिकाऱ्याला, मग अपील अधिकाऱ्याला. सोबतीला मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर नोंद आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर क्रमांक घ्यायचा. अर्ध्याअधिक परताव्याच्या तक्रारी इथंच मिटतात. एका ईमेलमध्ये एकच मागणी, रक्कम आकड्यात, नियमाचा परिच्छेद आणि १५ दिवसांची मुदत. 'मनस्ताप', 'अपमान', 'ज्येष्ठ नागरिकांचे हाल' हे शब्द नोटिशीसाठी राखून ठेवा.

मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, म्हणजे विमान तिकिटाला जवळजवळ कधीच नाही. मुदत दोन वर्षं. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दावा चालतो, त्यामुळे तिकिटावरचं 'अमुक शहराच्या न्यायक्षेत्रात' वाचून घाबरायचं कारण नाही. ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येतं. समोरच्याला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस, वर फार तर १५. पंचेचाळीस दिवसांनंतर ते म्हणणं घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२०मध्ये स्पष्ट केलंय. तारीख मोजत राहा.

प्रत्येक तक्रारीला कार्यकारिणीचा स्वतंत्र ठराव जोडा: कोणत्या ग्राहकासाठी, कोणाविरुद्ध, सही कोणाची. एकदाच केलेला सरसकट ठराव आक्षेपाला तोंड देत नाही. एकाच विमानातल्या चाळीस जणांचं गाऱ्हाणं सारखं असेल तर आयोगाच्या परवानगीनं सर्वांच्या वतीनं एकच तक्रार करता येते, मात्र तारीख, विमान आणि मागणी तीच हवी. परताव्यावाले आणि हरवलेल्या बॅगवाले एकत्र बांधले की सगळेच लटकतात.

व्यापाऱ्यांसाठी एक सूचना. कंपनीच्या नावानं, जीएसटी क्रमांक टाकून काढलेल्या तिकिटावर 'हा व्यावसायिक हेतू, हा ग्राहकच नाही' असा आक्षेप येतो. दालमिलवाले सभासद यात नेहमी अडकतात. अशा तिकिटाची तक्रार आयोगात नेण्याआधी वकिलाला दाखवा.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर वाट वेगळी. दिवाळखोरी कायद्याची स्थगिती लागू झाली की आयोगातलं प्रकरण पुढे सरकत नाही. गो फर्स्टनं २०२३च्या मे महिन्यात अर्ज केला तेव्हा असंख्य प्रवासी असेच अडकले. अशा वेळी आधी कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागायचा, त्याच आठवड्यात, आणि मग समाधान व्यावसायिकाकडे, म्हणजे दिवाळखोरीत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, दावा नोंदवायचा. एखादी कंपनी लागोपाठ फेऱ्या गाळू लागली, तर तीन महिन्यांपुढची तिकिटं काढू नका, असं सभासदांना कळवणं हेही संस्थेचंच काम. त्यासाठी वही पुन्हा उघडावी लागते.

एकट्यादुकट्या प्रवाशाचा नव्हे, सगळ्यांचाच प्रश्न असेल, जसं तिकीट काढताना विमा आपोआप टोपलीत पडणं, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम १७ खाली तक्रार जाते. असल्या फसव्या रचनांवर २०२३च्या नोव्हेंबरात मार्गदर्शक तत्त्वं निघालीत. मोबाइलचा स्क्रीन पायरीपायरीनं रेकॉर्ड करून जोडा, एका फोटोवर काम होत नाही.

गटातली शिस्त

व्हॉट्सॲपवर बोर्डिंग पासचा फोटो टाकायला बंदी. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कोणीही तिकीट उघडून बदलू शकतो. कागदपत्रं एकाच ईमेलवर घ्या, आणि ती बघायची परवानगी दोघांनाच.

वहीतले आकडे जाहीर करण्याआधी ते कंपनीला आणि विमानतळ संचालकांना पाठवून सात दिवस थांबा. उत्तर आलं तर तेही सोबत छापा. 'लूट', 'फसवे' असले शब्द गाळले की बदनामीच्या नोटिशीला धार उरत नाही. तेच आकडे विमानतळ सल्लागार समितीपुढे न्या. स्थानिक खासदार तिचे अध्यक्ष असतात. प्रवाशांचा प्रतिनिधी घेण्याची मागणी लेखी करा, आणि बैठकीला जाताना निवेदन नको, महिनानिहाय तक्ता न्या, एका पानाचा.

मिळालेल्या भरपाईतून टक्का घेऊ नका. स्वखुशीनं म्हणूनही नको. एकदा टक्का सुरू झाला की कार्यकर्ते मोठ्या रकमेच्या तक्रारी निवडू लागतात, आणि साडेसातशे रुपयांच्या परताव्यासाठी तीनदा आलेल्या चोपड्याच्या मास्तरांना कोणी खुर्ची देत नाही.